मृगाआधी येणारा घोड्यांचा डॉक्टर अजून आलेला नाही : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या डोंगरावर एक घोडा पोटशुळाने गेला. संध्याकाळी सातला त्याने चंदी म्हणजे दाण्याचा खुराक सोडला, पुढच्या पायाने जमीन उकरायला लागला, वळून वळून कुशीकडे बघायला लागला. नऊला आडवा पडून लोळू लागला. मध्यरात्री ओठ वर करून पाहिलं तर गुलाबी हिरड्या विटकरी झाल्या होत्या. पहाटे चारला सगळं संपलं. या नऊ तासांत पशुवैद्य आला नाही, कारण या डोंगरावर पशुवैद्यच नाही. मृग लागायच्या आत घोड्यांचा कायमचा डॉक्टर देतो, असा शब्द उन्हाळ्यातल्या बैठकीत शंभर माणसांसमोर दिला गेला होता. आता हस्त लागायची वेळ आली.

पोटशुळात वेळ का घालवता येत नाही, ते आपल्या खात्याला ठाऊक असेलच, तरी लिहितो. घोड्याला उलटी होत नाही. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. आतडं अडलं की पाणी आणि वायू मागे जठरात साचतात, आणि बाहेर काढले नाहीत तर जठर फुटतं. बाहेर काढायचा मार्ग एकच : नाकपुडीतून जठरापर्यंत नळी घालणं. सरावलेल्या हाताला ते काही मिनिटांचं काम आहे. जठरात काही साचलेलंच नसेल, तर त्याच नळीतून दोन ते चार लिटर पातळ पॅराफिन, म्हणजे औषधी तेल, सोडता येतं. हे आम्ही मोतद्दारांनी, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांनी, करायचं नसतं. बाटलीने घशात तेल ओतणारे आजही आहेत, ते तेल फुप्फुसात उतरतं आणि पोटशुळातून वाचलेला घोडा न्यूमोनियाने मरतो. आम्ही एवढंच करू शकतो : चारा-दाणा काढून घ्यायचा, जबड्याखालची नाडी मोजायची, हळूहळू फिरवायचं. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44. ती साठीच्या वर जाऊन तिथेच राहिली की फिरवण्याने काही होत नाही. त्या रात्री आम्ही नाडी मोजत बसलो, साहेब. मोजण्यापलीकडे आमच्या हातात काय होतं?

पावसाळ्यात हे वाढतं, त्याची कारणंही साधी आहेत. आठ महिने कडबा आणि वाळलं गवत खाल्लेल्या घोड्यापुढे एकदम ओलं कोवळं गवत पडतं. आतड्यातले जंतू नव्या चाऱ्याला सरावायला सात ते दहा दिवस लागतात, तेवढे दिवस जुनं-नवं मिसळून द्यावं लागतं. त्यात गंजीला ओल लागते. आतून पांढुरकं, कुबट वास मारणारं गवत गाय एखादे वेळी पचवेल, घोडा नाही. गायीचं तयार पशुखाद्यही त्याला घालू नये, कारण काही पशुखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं आणि ते घोड्याच्या हृदयाला विष आहे. ही एक ओळ खात्याच्या पत्रकातून गावोगाव गेली असती, तरी काही जनावरं वाचली असती.

महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाटमाथ्यावरच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या खुराचं काय होतं, ते एकदा पाय उचलून बघा. तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग काळा पडतो, बोट लावलं तर खचतो, आणि वास असा की हात दोनदा धुवावा लागतो. रोज खूर खरवडून धुणं, कोरडा करणं, मग पातळ आयोडीन लावणं आणि सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर छाटून घेणं, एवढ्यावर ते सुधारतं. पण चांगला नालबंद आता तालुक्यात शोधून सापडत नाही आणि एकाही नव्या पोराला हे काम शिकवण्याची सोय सरकारने केलेली नाही. खिळा जरा आत गेला तरी धनुर्वाताचं भय, कारण घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा पाळीव प्राणी नाही. लस स्वस्त आहे. पहिल्या दोन मात्रा चार आठवड्यांच्या अंतराने, पुढे ठरावीक काळाने. तीही आम्ही माणसांच्या औषधाच्या दुकानातून आणतो.

पाऊस ओसरला की चावऱ्या माश्या आणि त्यांच्याबरोबर सरा, म्हणजे माश्यांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा रोग. ताप येतो, जातो, पुन्हा येतो, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, खाऊन-पिऊन घोडा वाळत जातो. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लागतो, आणि एकदा बघून भागत नाही. तेवढ्यासाठी आजारी घोडा घाट उतरवायचा का?

उन्हाळ्याचं आम्ही आमचं बघतो. कामाच्या घोड्याला चाळीस-पन्नास लिटर पाणी, चिमटी नव्हे तर मूठभर मीठ, दुपारी सावली. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्राचे 1965 चे नियम आहेत : तट्टावर 70 किलोच्या वर ओझं नको, दिवसाला नऊ तासांच्या वर काम नको, पारा 37 अंशांच्या वर असेल तर बारा ते तीन विश्रांती. नियम योग्य आहेत. ते मोडले तर आमच्यावर गुन्हा दाखल होतो, व्हायलाच हवा. पण त्या जनावराला डॉक्टर न देणाऱ्यावर गुन्हा कुठल्या कलमाखाली दाखल करायचा?

आता म्हाताऱ्या घोड्यांबद्दल, ज्यांच्याबद्दल कुठल्याच बैठकीत कुणी चकार शब्द काढत नाही. घोड्याचा दात वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहतो आणि चावून झिजत राहतो. झीज सारखी होत नाही, म्हणून वरच्या दाढांना गालाकडून आणि खालच्यांना जिभेकडून धारदार कडा येतात. विशीला टेकलेला घोडा गवत तोंडात घोळवतो आणि अर्धवट चावलेली, लाळेने भिजलेली गोळी खाली टाकतो. गव्हाणीत अशा गोळ्या दिसल्या, लिदीत लांब काड्या दिसल्या की समजावं, दाढा गेल्या. जबडा उघडा धरायचा साचा आणि लांब दांड्याची कानस एवढीच हत्यारं लागतात. वर्षातून एकदा, म्हातारपणी दोनदा कडा घासल्या तर तोच घोडा पुढची चार-पाच वर्षं खातो. ज्यांच्या दाढाच संपल्या त्यांना कडबा देऊन उपयोग नाही. बारीक कुट्टी, गव्हाचा भुसा, भरडलेले जव पाण्यात तास-दोन तास भिजवून, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. तेल घालायचं तर दोन चमच्यांपासून सुरुवात. वजन डोळ्यांनी ठरवू नये, कारण हिवाळ्याचे वाढलेले केस बरगड्या झाकतात. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग खांद्यापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 150, लांबी 140 असेल तर सुमारे 265 किलो. जंताच्या औषधाची मात्रा याच आकड्यावर ठरते. अंदाजाने कमी दिली की जंत मरत नाहीत, औषधाला निर्ढावतात.

हे सगळं करूनही एक दिवस घोडा कामाचा राहत नाही. मग दलाल येतो. घोडा वरातीला जातो, वरातीतून वीटभट्टीवर. आम्हाला ते दिसतं, आणि तरी आम्ही विकतो, कारण बसून खाणाऱ्या घोड्याचा खर्च कामाच्या घोड्याच्या कमाईतून निघत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया म्हणजे घोडागाड्या बंद करायला सांगितल्या तेव्हा पुनर्वसनाचंही सांगितलं होतं. म्हाताऱ्या घोड्यासाठी या राज्यात एक सरकारी कुरण दाखवा.

2012 च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टं होती, 2019 मध्ये तीन लाख चाळीस हजार उरली. सात वर्षांत निम्म्याच्या आसपास गेली. त्यावर उपाय काय, तर 2024 मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा घेतला आणि उद्योजकाला पन्नास लाखांपर्यंत अनुदान ठेवलं. जन्माला घालायला पन्नास लाख आहेत, जन्मलेल्याला जगवायला एक रबरी नळी नाही. आमच्यापैकी कुणाकडे पन्नास लाखांचा प्रकल्प अहवाल लिहून घ्यायची ऐपत आहे? योजना कुणासाठी आखता तुम्ही? दुभत्या जनावरामागे मतं आहेत, संघ आहेत. घोड्यामागे आम्ही, आणि आम्हाला पर्यटनवाले शेतीकडे ढकलतात, शेतीवाले पर्यटनाकडे.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला सव्वाशे वर्षं होऊन गेली. तिथली शिकाऊ मुलं दर महिन्याला चार दिवस डोंगरावर पाठवा, त्यांनाही घोडा हाताळायला मिळेल. दसऱ्याला पर्यटकांचा हंगाम सुरू होतो आणि खाली उतरवलेले घोडे त्याआधी वर येतात. तोवर कायमचा डॉक्टर, जठराची नळी, दातांची कानस आणि धनुर्वाताची लस एवढं तरी वर पोहोचवा. आमच्या पागेत आजच्या तारखेला अठरा वर्षांवरचे अकरा घोडे आहेत. त्यातले तीन परवापासून गवताच्या गोळ्या टाकतायत.

आपले,
घाटमाथ्यावरचे घोडेवाले आणि मोतद्दार