फोडणीतली एक मोहरी

रामबाग, इंदूर

ती. बाईंना सा. न.

समोर बसून आभार मानले असते तर ‘पुरे गं’ म्हणून तुम्ही चहा टाकायला उठला असता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

त्या शनिवारी सोनोग्राफी करून आले आणि जिन्यातच बसले. सेंटरचं नाव घेत नाही. ‘सहा आठवडे पाच दिवस झालेत, नुसती पिशवी दिसतेय, ठोके नाहीत, बारा दिवसांनी या,’ एवढं सांगेपर्यंत पुढची पेशंट आत आलीसुद्धा.

तुम्ही पोह्यांची बशी हातात घेऊनच दार उघडलंत. आधी रडू दिलंत. मग विचारलंत, “पाळी किती दिवसांनी येते तुझी?” अडतीस. हे मला तिथे कुणी विचारलंच नव्हतं.

कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने हिशेब मांडलात. आठवडे मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात कुणी नसतंच! शिवाय हे गणित २८ दिवसांच्या चक्राचं. माझं बीज दहाएक दिवस उशिरा सुटलं असणार. सहा आठवडे पाच दिवस म्हणजे ४७ दिवस; ४७ वजा १०, म्हणजे पाच आठवडे दोन दिवस. फलन होऊन जेमतेम २३ दिवस. “अगं, हृदय हलायला लागतं तेच मुळी बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी. मशीनला इतक्यात कुठून दिसणार?”

आणि फोडणीतली एक मोहरी बोटावर उचलून बशीच्या काठावर ठेवलीत. “आज एवढं.”

ती मोहरी मी कितीतरी वेळ बघत होते. जिरावणाचा, पोह्यांवरच्या त्या इंदुरी मसाल्याचा, एक कण चिकटला होता तिला.

“मी डॉक्टर नाही, माझं चुकूही शकतं. बारा दिवसांनी जायचंच,” हेही बजावलंत. खोटा धीर दिला नाहीत, त्याचे आभार सगळ्यांत जास्त. वर फॉलिक अ‍ॅसिडची चौकशी केलीत. मेंदू आणि मज्जारज्जूची नळी फलनापासून २८ दिवसांत मिटते, कितीजणींना तर तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो, म्हणून ती गोळी आधीपासून हवी. (घेत होते. वाचले.)

बाराव्या दिवशी पडद्यावर दहा मिलिमीटरचा ठिपका आणि त्यात लुकलुक. मी जिना चढतेय तोच तुम्ही वरून ओरडलात, “राजमा झाला का?” म्हटलं, अजून वाटाणाच.

डोहाळजेवणात सगळ्या ‘पेढा की बर्फी’ करत होत्या, तुम्ही मात्र सुश्रुतावर घसरलात. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, आई दोन हृदयांची होते, म्हणून दौहृदिनी, आणि तिथूनच आपले डोहाळे. त्याच्याकडे सोनोग्राफी असती तर महिना बदलला असता, ही पुस्ती तुमचीच. विसाव्या आठवड्यात मला पहिली हालचाल कळली तेव्हा म्हणालात, “ते आठव्या आठवड्यापासून हलतंय, तुला आज कळलं.” बाकी महिने पाय सुजण्यात गेले, ते काय सांगायचं.

काल लेकीची नखं कापताना बोटांवरच्या रेषा दिसल्या. त्या पाचव्या महिन्यातच उमटतात, हेही तुम्हीच सांगितलेलं.

तुमची ती बशी अजून माझ्याकडेच आहे. रिकामी कशी परत करू? आईने डिंकाचे लाडू पाठवलेत, ते घालून रविवारी आणते. पोह्यांवर जिरावण जरा जास्त टाका.

तुमची,
खालच्या मजल्यावरची