संसद बांधून दिली, पण निवडून आलेल्या बाईला परत पाठवलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेनं १ जुलै २०२५ ला यूएसएड ही परदेशांना मदत देणारी आपली सरकारी संस्था बंद केली तेव्हापासून आमच्याकडं विषय निघाला की लोक एकच म्हणतात, बरं झालं, दुसऱ्याच्या देशात लोकशाही शिकवायला यांना कुणी बोलावलं होतं. राग समजतो मला. पण हे काम आपला देशही करतो हे बऱ्याच जणांना माहीतच नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याच राज्यात, कर्नाटकात, म्हैसूरला सरकारी कारखाना आहे, १९६२ च्या निवडणुकीपासून मतदाराच्या बोटाला लागणारी शाई तिथं बनते आणि तीच पंचवीसहून जास्त देशांत जाते. नामिबियानं २०१४ ला मतदान घेतलं ते भारतीय मशीनवर. आता शाई-मशीन हा बराचसा विक्रीचाच व्यवहार आहे, मान्य, पण २००५ ला युनोचा लोकशाही निधी सुरू झाला त्यात सुरुवातीलाच पैसे घालणाऱ्यांत भारत होता. मला हे सगळं पटतं, समोरच्यानं मागितलं ते दिलं आणि तिथं सरकार कुणाचं यावं यात हात घातला नाही.

सगळ्यात मोठं काम काबूलला झालं. अफगाणिस्तानची नवी संसद भारतानं सुमारे ९ कोटी डॉलर खर्चून बांधून दिली, २५ डिसेंबर २०१५ ला पंतप्रधान मोदींनी जाऊन उद्घाटन केलं. त्यांच्या खालच्या सभागृहाच्या २४९ जागांपैकी ६८ बायकांसाठी राखीव होत्या, आपल्या लोकसभेत अजून बायकांचं आरक्षण लागू नव्हतं त्या काळात बघा. मग १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान आले. त्याच आठवड्यात, २० ऑगस्टला, त्या सभागृहातली निवडून आलेली खासदार रंगीना कारगर दिल्ली विमानतळावर उतरली आणि तिला तिथूनच परत पाठवलं. नंतर सरकारनं चूक झाली म्हटलं, पण गेली ती गेली. त्याच महिन्यात अफगाण लोकांचे आधीचे व्हिसा रद्द झाले, त्यात आपल्याच कॉलेजांत शिकणारी, सुट्टीला घरी गेलेली पोरंही अडकली. ९ कोटी डॉलर आपण ज्या लोकशाहीसाठी घातले ती चालवणारी माणसं दारात आल्यावर आपण दार लावून घेतलं, हे मला आजही सहन होत नाही.

पुढं ऑक्टोबर २०२५ ला तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी दिल्लीत आले आणि त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेला बायका पत्रकारांना बोलावलंच नाही. आपल्या राजधानीत! परराष्ट्र खात्यानं आमचा त्यात संबंध नव्हता म्हटलं, ओरड झाल्यावर दोन दिवसांनी मुत्ताकींनी दुसरी परिषद घेतली. चर्चा करावी, धान्य-औषधं तर बिनशर्त द्यावीत, उपाशी माणसाला अट घालू नये. पण सहावीच्या पुढं मुलींना शाळा बंद आहे हे आपल्या मंत्र्यांनी त्यांच्या शेजारी उभं राहून बोलायला काय हरकत होती?

लोक मला म्हणतात, आपल्या सीमाभागात मराठी माणसाला साधा कागद मराठीत मिळायची मारामार आणि तू काबूलचं काय घेऊन बसलास. मला वाटतं आपल्यालाच हे जास्त कळायला पाहिजे. १९५६ पासून आपण महाराष्ट्रात जायचं मागतोय, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. घटनेच्या ३५० अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करा असं लिहिलंय तरी आपल्या शाळांसाठी झगडावं लागतं. आणि इमारतीचं म्हणाल तर बेळगावजवळ हलग्याला २०१२ पासून कर्नाटक विधिमंडळाची एवढी सुवर्ण विधानसौध उभी आहे, वर्षातून हिवाळ्यात थोडे दिवस अधिवेशन, बाकी आपलं गाऱ्हाणं ऐकायला तिथं कोण असतं? हे भोगलेल्या माणसानं काबूलच्या पोरीबद्दल आमचं काय जातंय म्हणू नये.

मागणं साधं आहे. अफगाण विद्यार्थ्यांना भारत ऑनलाइन शिष्यवृत्त्या देतो, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी ठेवा. जीव धोक्यात असलेल्या महिला खासदार, वकील, पत्रकारांना तातडीचा व्हिसा द्या, आणि परदेशी मदतीतला किती पैसा इमारतींवर गेला नि किती माणसांवर, ते दरवर्षी संसदेत मांडा. बेळगाव आणि चिक्कोडी, दोन्हीकडच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर काय आलं ते तुम्ही छापावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, खानापूर