कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही "असू दे हो" म्हणून कामाला लागता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

ऐन गळीत हंगामात आमच्या ट्रॅक्टरचा क्लच सरकायला लागला. मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या, चढाला इंजिन नुसतं ओरडायचं, ओढ लागायची नाही. बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या लोखंडी कवचाच्या, खालच्या भोकातून तेल ठिबकत होतं. क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील (तेल अडवणारं रबरी कडं) दुसरीकडे बदलून घेतलेलं, तरी गळती परत आलीच. तुटलेला ऊस फडात वाळला की वजनही घटतं, साखरेचा उताराही. जिवाला घोर लागला होता.

पाना उचलण्याआधी तुम्ही ते तेल बोटावर घेऊन हुंगलंत. गिअरचं नव्हे, इंजिनचंच. वरून टॅपेट कव्हरचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचा, ओघळ नाही ना, हेही पुसून पाहिलंत. मग ट्रॅक्टर मधोमध सोडवून क्लच आणि त्यामागचं जड चाक, फ्लायव्हील, उतरवलं. एवढ्याशा रबरी कड्यासाठी एवढी उस्तवारी, म्हणून तर त्या कामात घाई नको असते. सील जिथं क्रँकला टेकतं तिथं नख फिरवून म्हणालात, "हितं बघा." नख अडकत होतं. जुन्या सीलच्या लिपनं, म्हणजे टेकणाऱ्या कडेनं, चर पाडली होती, आणि नवं सील त्याच जागी बसवलेलं. तुम्ही ते किंचित अलीकडे, कोऱ्या जागेवर घेतलंत. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, चारी अंगांनी सारखं ठोकत.

खरं दुखणं मात्र ब्रीदरमध्ये, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेत, निघालं. तो चिकट्यानं गच्च बसलेला. इंजिनातल्या वाफेला वाट नाही, मग आतला दाब सीलमधूनच तेल बाहेर ढकलणार. हे आधी कुणी उघडूनच पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहिलं नसतं तर हेही सील गेलंच असतं, आणि पुन्हा सगळं सोडवायची पाळी.

तेल प्यालेली क्लच प्लेट धुऊन लावायला तुम्ही साफ नकार दिलात. फ्लायव्हीलचे बोल्ट समोरासमोरचे धरून जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानंच आवळलेत. त्यानंतर अख्खा हंगाम ट्रॅक्टरनं ऊस ओढला. हाउसिंग कोरडं आहे.

रात्री उशिरापर्यंत दिवा धरून उभ्या राहिलेल्या तुमच्या शिकाऊ पोराला शाबासकी सांगा. पावसाआधी ऑइल बदलायला येतो, तेव्हा ब्रीदरही उघडून बघू.

आपला,
करवीर तालुक्यातला एक ऊस वाहतूकदार