कार्ड ओळखले नाही, म्हणजे मदरबोर्ड गेला असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये (कार्ड बसवायच्या कप्प्यात) वायफाय किंवा यूएसबीसारखी सोय देणारे एखादे कार्ड घातले आणि काहीच झाले नाही, की ‘मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या’ असे सांगून ग्राहकाची बोळवण केली जाते. दुरुस्तीच्या कामातल्या आम्हा मंडळींना हे फार खटकते. स्लॉटमध्ये साधी टॉर्चही न मारता काढलेल्या या निष्कर्षापायी चालणारी यंत्रे भंगारात जातात. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी कार्ड आणि स्लॉट एकाच जातीचे आहेत ना, ते पाहावे. लॅपटॉपच्या कडेने आत सरकवायचे जुने पीसी कार्ड (लोक अजूनही पीसीएमसीआयए म्हणतात) ५४ मिमी रुंद आणि ६८ पिनांचे. त्यात १६ बिटांचे जुने आणि ३२ बिटांचे कार्डबस असे दोन प्रकार. कार्डबसच्या तोंडाशी सोनेरी पट्टी असते व तिच्यावर बारीक उठाव असतात. १६ बिटांचे कार्ड कार्डबस स्लॉटमध्ये चालते, पण कार्डबस कार्ड १६ बिटांच्या स्लॉटमध्ये चालत नाही. खाचच अशी ठेवली आहे की ते जुन्या स्लॉटमध्ये शेवटपर्यंत जाऊ नये. तिथे जोर लावला की पिना वाकल्याच. २००३ साली आलेले, कडेनेच घालायचे पुढचे कार्ड म्हणजे एक्स्प्रेसकार्ड. ते पूर्ण निराळे, २६ संपर्कांचे. त्याचा ५४ मिमीचा प्रकार रुंदीला पीसी कार्डाएवढाच असल्याने हमखास फसगत होते.

जात जुळत असेल तर कार्ड घालताना नीट लक्ष द्यावे. पीसी कार्डाच्या स्लॉटमध्ये ‘कार्ड आले’ हे कळवणाऱ्या दोन पिना, ३६ आणि ६७ क्रमांकाच्या, रांगेच्या दोन टोकांजवळ असतात आणि बाकीच्या पिनांपेक्षा आखूड असतात. कार्ड जरा तिरके बसले किंवा यांतली एक पिन वाकली, तरी लॅपटॉपला कार्डाचा पत्ताच लागत नाही. म्हणजे कार्ड घातल्यावर ना आवाज, ना डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत) नवी नोंद, असे असेल तर दोष बसणीत किंवा पिनांत शोधावा. ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) पुन्हापुन्हा टाकून उपयोग नाही. उलट नोंद होते पण पिवळे चिन्ह दिसते, तेव्हा संपर्क बहुधा ठीक असतो. त्या नोंदीच्या तपशिलात दिसणारा कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही, कोड १२ म्हणजे त्याला मोकळी संसाधने (मेमरीतली जागा वगैरे) मिळाली नाहीत. कोड १२ आला तर बायोसमधून (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधून) न लागणारी उपकरणे (प्रिंटरचे जुने समांतर पोर्ट, जुना मोडेम) बंद करून पाहावीत.

पिना तपासण्याआधी अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून पॉवरचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे. हे कधीही चुकवू नये.

विजेचा मुद्दा तर कोणी विचारातच घेत नाही. एक्स्प्रेसकार्ड स्लॉटमध्ये ३.३ आणि १.५ व्होल्ट मिळतात, ५ व्होल्ट नाहीतच. यूएसबी पोर्ट देणारे कार्ड असेल तर यूएसबीला लागणारे ५ व्होल्ट ते स्वतः व्होल्टेज चढवून तयार करते, आणि ३.३ व्होल्टवर सलग मिळतो जेमतेम १ अँपिअर, म्हणजे सुमारे ३.३ वॉट. यूएसबी ३ चे एकच पोर्ट पूर्ण भाराला ४.५ वॉट मागते. मग पेनड्राइव्ह चालतो, पण बाहेरची हार्ड डिस्क टिकटिक करून गायब होते. कार्डाच्या कडेला ५ व्होल्टचा जॅक असेल तर तो जोडावा, नाहीतर स्वतंत्र अडॅप्टरचा यूएसबी हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी) वापरावा. कार्ड बदलून काही साधत नाही.

लॅपटॉप उघडून आत बसवायच्या छोट्या, मिनी पीसीआय एक्स्प्रेस जातीच्या वायफाय कार्डाची गोष्ट वेगळी. काही कंपन्यांच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादीच असते. यादीबाहेरचे कार्ड दिसले की लॅपटॉप सुरू होतानाच संदेश देऊन थांबतो. कार्डही चांगले, स्लॉटही चांगला! विकत घेण्याआधी त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली कार्डांची यादी पाहावी. कार्ड दिसते पण रेडिओ ‘बंद’च राहतो, तेव्हा वायफायचे बटण आणि कार्डाचा २० क्रमांकाचा संपर्क तपासावा, रेडिओ बंद ठेवण्याचा इशारा त्यावरूनच येतो. राउटर शेजारी असूनही सिग्नल क्षीण असेल तर अँटेनाच्या तारांची कार्डावर बसणारी बारीक टोपणे सुटली आहेत का ते पाहावे. ही टोपणे साधारण तीसेक वेळा काढण्या-घालण्यापुरतीच बनवलेली असतात, तेव्हा उगाच उचकटू नयेत.

कार्डांप्रमाणेच सॉकेटमध्ये बसणाऱ्या रॅमचे (लॅपटॉपच्या मेमरीच्या पट्टीचे) संपर्क खोडरबराने घासण्याची सवयही सोडायला हवी. त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा सॉकेटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याचे कापड पुरते. रॅम एकेक पट्टी, एकेका सॉकेटमध्ये घालून तपासावी. दोषी पट्टी की दोषी सॉकेट, हे तेवढ्यातच कळते.

दुरुस्तीच्या पावतीवर ‘मदरबोर्ड खराब’ असे लिहून आले, तर ग्राहकांनी इतकेच विचारावे: दुसरे चालू कार्ड घालून पाहिले का, आणि हेच कार्ड दुसऱ्या लॅपटॉपमध्ये चालले का?

आपले,
लॅपटॉप दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक