लेखमालेतून मे १९४३ निसटला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतली दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी देणाऱ्या लढायांवरची लेखमाला मी पहिल्या भागापासून वाचली. मिडवे, एल अलामिन, स्टॅलिनग्राड, नॉर्मंडी. स्टॅलिनग्राडचा भाग तर इतका उत्तम उतरला होता की तो मी कात्रण करून ठेवला. पण मालिका संपली तरी अटलांटिक महासागराचा पत्ता नाही, याचे मनापासून वाईट वाटले.

६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जे सैन्य उतरले, त्यातले अमेरिकन आणि कॅनेडियन जवान, त्यांचे रणगाडे, पेट्रोल, दारूगोळा हे सगळे आधी बोटीने अटलांटिक ओलांडून ब्रिटनला पोहोचले होते. ब्रिटनचे अर्धेअधिक अन्नही समुद्रावरूनच येई. ही वाट तुटली असती तर पश्चिम युरोपात दुसरी आघाडी उघडण्याची गोष्टच निघाली नसती. युद्धात आपल्याला खरी धास्ती वाटली ती जर्मन पाणबुड्यांचीच, असे चर्चिल यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

मार्च १९४३ मध्ये ती धास्ती खरी ठरण्याच्या बेतात होती. न्यूयॉर्कहून निघालेल्या एचएक्स २२९ आणि एससी १२२ या मालवाहू बोटींच्या दोन ताफ्यांवर जर्मन पाणबुड्या तुटून पडल्या आणि २२ मालवाहू बोटी तळाला गेल्या. बदल्यात जर्मनांची एकच पाणबुडी बुडाली. महासागराच्या मधल्या पट्ट्यात किनाऱ्यावरची विमाने पोहोचत नसत, आणि पाणबुड्यांचे कळप तिथेच दबा धरून बसत.

आणि मग अवघ्या दोन महिन्यांत चित्र पालटले. लांब पल्ल्याच्या लिबरेटर विमानांनी तो मधला पट्टा झाकला. ताफ्यांसोबत छोट्या विमानवाहू नौका निघू लागल्या. नव्या रडारला अंधारात आणि धुक्यातही पाण्यावर आलेली पाणबुडी दिसू लागली. पाणबुड्यांचे सांकेतिक संदेश डिसेंबर १९४२ पासून ब्रिटिशांना पुन्हा उलगडत होते. त्यासाठी लागलेली कागदपत्रे भूमध्य समुद्रात बुडत्या यू-५५९ मधून बाहेर काढताना दोन ब्रिटिश नौसैनिक पाणबुडीबरोबरच तळाला गेले होते. मेच्या सुरुवातीला ओएनएस ५ या ताफ्याने डझनभर बोटी गमावल्या, पण सहा पाणबुड्याही बुडवल्या. त्याच महिन्यात एससी १३० हा ताफा एकही बोट न गमावता पार झाला. त्या लढाईत बुडालेल्या यू-९५४ वर जर्मन नौदलप्रमुख ड्योनित्स यांचा मुलगा होता. मे महिन्यात चाळीसहून अधिक पाणबुड्या गेल्या आणि २४ मे रोजी ड्योनित्स यांनी उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घेतल्या. पाणबुड्या नंतर परतल्या, पण ती धार पुन्हा आली नाही. मला विचाराल तर पश्चिमेकडचे युद्ध या महिन्यात फिरले. नॉर्मंडी हे त्याचे फळ.

ही गोष्ट वगळली की माणसेही वगळली जातात. त्या मालवाहू बोटी चालवणारे लोक सैनिक नव्हते, आणि ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर हिंदी खलाशी हजारोंनी होते. आमच्या दाभोळ खाडीच्या पट्ट्यातले, रत्नागिरीचे, कुलाबा जिल्ह्याचे (आजच्या रायगडचे) लोक डेकवर. गोव्याचे लोक भटारखान्यात आणि सलूनमध्ये, म्हणजे बोटीवरच्या जेवणघरात. पंजाबचे आणि सिल्हेटचे (आता बांगलादेशात) लोक बॉयलरपाशी. सारंग, तांडेल, आगवाला ही बोटीवरची हुद्द्यांची नावे आमच्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. टॉर्पेडो बसला की सर्वांत आधी पाणी भरे ते खाली, इंजिनघरात. या लोकांना पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका. युद्ध सुरू होताच १९३९ मध्ये त्यांनी पगारवाढीसाठी ब्रिटनच्या बंदरांत संप केले, तेव्हा कित्येकांना तुरुंग दाखवण्यात आला.

लिव्हरपूलहून मुलांना घेऊन कॅनडाला निघालेली ‘सिटी ऑफ बनारस’ सप्टेंबर १९४० मध्ये बुडाली, ती हकिगत इंग्रजी वाचणाऱ्यांना ठाऊक असते. तिच्यावरच्या खलाशांपैकी बहुतेक हिंदी होते हे फारसे सांगितले जात नाही. बारा नंबरची होडी आठ दिवस उघड्या समुद्रावर भरकटत होती. तिच्यात सहा मुले होती, आणि बाकीच्यांत सर्वाधिक संख्या पातळ सुती कपड्यांतल्या हिंदी खलाशांची.

आणखी एक बाजू आहे, आणि ती कडू आहे. जानेवारी १९४३ मध्ये ब्रिटनचे साठे भरण्यासाठी चर्चिल यांनी हिंदी महासागरातल्या बऱ्याच बोटी अटलांटिककडे वळवल्या. त्याच वर्षी बंगालमध्ये माणसे उपासमारीने रस्त्यावर मरत होती, आणि धान्य मागितले की लंडनहून उत्तर येई की बोटी नाहीत. दुष्काळाची कारणे अनेक होती, हे मला मान्य आहे. पण बळींचा आकडा तीस लाखांच्या घरात धरला जातो, आणि अटलांटिकच्या विजयाचा हिशेब मांडताना ही रक्कम खर्चाच्या बाजूला लिहिलीच पाहिजे. लंडनमध्ये लिहिलेल्या इतिहासात ती नसेल, तर आपण तो इतिहास जशास तसा का उतरवून घ्यावा?

मृत हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईतच आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्यांची नावे ग्रंथांत लिहून मस्जिद बंदरच्या खलाशीगृहात ठेवली आहेत. तसाच दुसरा संच चितगावला आहे. नावे सहा हजारांहून अधिक, त्यांतली बहुतेक मालवाहू बोटींवरच्या माणसांची. समुद्रात गेलेल्याला कबर नसते, त्यामुळे घरच्यांना दाखवता येईल असे तेवढेच.

माझी विनंती अशी की लेखमालेला एक पुरवणी भाग जोडावा, तो मे १९४३ वर असावा आणि त्यासाठी आपल्या वार्ताहराने मस्जिद बंदरला जाऊन ते ग्रंथ उघडून पाहावेत. त्यांतली कोकणातली आणि गोव्यातली जेवढी नावे ओळखता येतील तेवढी छापावीत, जागा अपुरी पडली तर हप्त्याहप्त्याने. दापोली-गुहागरच्या घरांतून नोकरीची जुनी पुस्तके आणि कंपनीची पत्रे अजून निघतील. ती गोळा करण्यात मी लागेल ती मदत करीन.

कळावे,
आपला वाचक,
दाभोळ, ता. दापोली, जि. रत्नागिरी