सफोकची चर्च पाहायला निघताना

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. लेकीकडे इप्सविचला मुक्काम आहे, लंडन मागच्या खेपेला पाहून झालंय, तेव्हा आता खेड्यांतली जुनी चर्च पाहावीत हा तुमचा बेत मनापासून आवडला. तू यादी मागितली आहेस, ती देतोच. पण आधी एक गोष्ट पक्की ठरव: दिवसाला तीन चर्च, फार तर चार. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या एकट्या सफोक परगण्यात पाचशेच्या आसपास मध्ययुगीन चर्च आहेत आणि दर दोन-तीन मैलांवर एखादा मनोरा दिसतो. त्यामुळे ‘जाता जाता हेही पाहू’ असं होतं आणि संध्याकाळपर्यंत सगळी एकमेकांत मिसळून जातात. एका चर्चला निदान पाऊण तास हवा, आणि त्यातली पहिली पंधरा मिनिटं बाहेर घालवायची.

बाहेर का, ते सांगतो. सफोकमध्ये बांधकामाचा चांगला दगड जवळजवळ मिळत नाही. जमिनीत मिळते ती गारगोटी, मुठीएवढी, काळपट करडी आणि बाहेरून पांढरट सालीची. ती चुन्यात बसवून भिंती उभ्या केल्या. गारगोटीला कोपरा काढता येत नाही, कोपऱ्यासाठी घडीव दगड दुरून होडीने आणावा लागे आणि तो महाग पडे. इथल्या काही जुन्या चर्चचे मनोरे गोल का, याचं एक कारण हेच सांगतात: गोलाला कोपराच लागत नाही. सफोकमध्ये असे तीसहून जास्त आणि शेजारच्या नॉर्फोकमध्ये शंभराहून जास्त मनोरे आहेत. पुढे पंधराव्या शतकात लोकरीच्या कापडाचा आणि बंदरांचा पैसा आला, तेव्हा गारगोटी फोडून तिची काळी चकचकीत बाजू पुढे घेतली आणि पांढऱ्या दगडात खाचा पाडून त्यात ती बसवली. अक्षरं, मुकुट, कमानी, सगळं काळ्या-पांढऱ्यात. असं काम दिसलं की समजायचं, त्या काळी या गावाच्या हातात पैसा होता.

म्हणून आधी एक प्रदक्षिणा घाल. बुजवलेली दारं दिसतील, खिडक्यांच्या तऱ्हा बदलत गेलेल्या दिसतील. मनोऱ्याच्या पूर्वेकडच्या भिंतीवर पूर्वीच्या उंच छपराची तिरकी खूण राहिलेली असते, तीही शोध. दक्षिणेच्या भिंतीवर किंवा दाराच्या चौकटीवर हाताच्या पंजाएवढं कोरलेलं अर्धवर्तुळ, मधे भोक आणि भोकातून निघालेल्या रेघा दिसल्या तर ते प्रार्थनेच्या वेळा दाखवणारं सूर्यघड्याळ. भोकात काडी बसवत, तिची सावली रेघेवर आली की वेळ झाली.

आता दार. बहुतेक खेड्यांत येण्याजाण्याचं दार दक्षिणेला, ओसरीच्या आत असतं. उत्तरेचं दार आणि वेदीजवळचं पाद्र्यांचं छोटं दार बंदच असतं, ते ढकलून परत फिरू नकोस. दक्षिणेच्या दाराला जाड लोखंडी कडं असतं. ते पूर्ण फिरव, आधी एका बाजूला, नाही तर दुसऱ्या. आतली अडणी उचलल्याचा खटका ऐकू आला की दार खांद्याने ढकल. ओक लाकडाची दारं ओल्या हवेत फुगतात, म्हणून जोर लागतो. कितीतरी लोक हलकेच कडं हलवून ‘बंद आहे’ म्हणून निघून जातात. खरंच कुलूप असेल तर ओसरीतला सूचनाफलक वाच, किल्ली कोणाच्या घरी आहे ते बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. ओसरीला जाळीचं दार असेल तर आत गेल्याबरोबर आणि बाहेर पडल्याबरोबर ते ओढून घे. ते पक्ष्यांसाठी आहे. आत शिरलेली पाकोळी वरच्या खिडक्यांवर आपटत राहते, तिला खालचं दार सापडत नाही आणि ती उपाशी मरते.

साधारण सकाळी दहा ते दुपारी चार हा वेळ धर. थंडीत अंधार लवकर पडतो, तेव्हा तीनलाच बंद. रविवारी सकाळी प्रार्थना असते, पण प्रत्येक गावात दर रविवारी नसते, कारण एकेका व्हिकरकडे, म्हणजे गावच्या पाद्र्याकडे, पाच-सहा किंवा त्याहून जास्त गावं असतात. शनिवारी दुपारी लग्न असू शकतं. सगळ्यांत चांगला दिवस म्हणजे सप्टेंबरचा दुसरा शनिवार. त्या दिवशी लोक चर्चच्या दुरुस्तीसाठी पैसे जमवायला सायकलने किंवा पायी एका चर्चहून दुसऱ्याला जातात, एरवी बंद असणारीही कितीतरी उघडी असतात आणि बऱ्याच ठिकाणी दाराशी सरबत-बिस्किटं घेऊन कुणीतरी बसलेलं असतं. तुमचा मुक्काम तोवर असेल तर तो दिवस मोकळा ठेव.

आत थंडी असते. जूनमध्येसुद्धा. तीन फूट जाडीच्या भिंती महिनोन्‌महिने गारवा धरून ठेवतात, वहिनींना स्वेटर घ्यायला सांग. चपला-बूट काढायची पद्धत नाही, चिखल असेल तर मात्र बूट ओसरीत काढतात. टोपी काढ. दिव्याचं बटण दाराजवळ किंवा मनोऱ्याच्या पायथ्याशी असतं, निघताना बंद करायचं. बाकांवर प्लास्टिक घातलेलं दिसलं तर वर वटवाघळं आहेत असं समज. तिथे त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना हुसकावता येत नाही. त्यांच्या मुताने थडग्यांवरचे कोरीव पितळी पत्रे आणि जुनी चित्रं डागाळतात आणि चर्च सांभाळणारे त्यापायी मेटाकुटीला येतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: मनोऱ्याखाली घंटांचे दोर लोंबत असतील, तर त्यांना हात लावायचा नाही. गंमत म्हणूनही नाही. नाशिकच्या नारोशंकराची घंटा तुला माहीत आहे, वसईच्या मोहिमेतून आलेली, १७२१ साल कोरलेली. ती आपण टांगून ठेवली आहे. इंग्लंडात घंटा मोठ्या चाकाला जोडलेली असते आणि पूर्ण गोल फिरते. कधी कधी ती तोंड वर करून उलटी उभी ठेवलेली असते. खालून दोर ओढला तर अर्ध्या टनाची वस्तू तोल सोडून फिरते आणि दोर धरणाऱ्याला सरळ वर उचलून नेते.

आत पाहायचा क्रम सोपा आहे. पश्चिमेला, दाराजवळ, बाप्तिस्म्याचं दगडी कुंड. त्याच्या काठावर लोखंडी खिळ्याची खूण किंवा बुजवलेलं भोक दिसेल. मंतरलेलं पाणी लोक चोरून नेत, म्हणून तेराव्या शतकात कुंडांना झाकण आणि कुलूप लावायचा हुकूम निघाला. मग मधलं दालन, आणि पूर्वेला वेदी. या दोहोंच्या मधे पूर्वी लाकडी नक्षीचा पडदा असे, त्याच्यावर माची आणि माचीवर क्रूस. माच्या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत, म्हणजे इंग्लंड पोपपासून फुटून चर्चमधल्या मूर्ती-चित्रं हटवली गेली त्या काळात, उखडल्या, पण भिंतीच्या पोटात वर जाणारा आणि कुठेच न पोचणारा चिंचोळा जिना पुष्कळ ठिकाणी राहिला आहे. तो सापडला की हरवलेली माची किती उंचीवर होती ते लगेच कळतं.

सोबत दोन वस्तू घे: आठपटीची दुर्बीण आणि साधी विजेरी. दुर्बीण छतासाठी. विजेरी भिंतीसाठी, पण समोरून मारायची नाही. खांबाला अगदी लावून, प्रकाश दगडावरून सरपटत जाईल अशी धर. समोरून कोरा दिसणारा दगड एकदम बोलू लागतो. कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं, जहाजं, नावं, हाताचे पंजे. बोटाने मात्र चाचपू नकोस, चुन्याचा थर सुटतो.

आता यादी. इप्सविचहून लोव्हस्टॉफ्टकडे जाणारी गाडी हेल्सवर्थला थांबते, तिथून पुढे मोटार हवी. लेकीची गाडी मिळाली तर उत्तम, कारण खेड्यांतल्या बस मोजक्याच आणि रविवारी नसल्यातच जमा. ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे तिथल्या सरकारी मोजणी खात्याचा, १:२५,००० चा नकाशा घे. त्यावर काळ्या चौकोनावर क्रूस म्हणजे मनोऱ्याचं चर्च, काळ्या गोलावर क्रूस म्हणजे टोकदार कळसाचं आणि नुसता क्रूस म्हणजे दोन्ही नसलेलं. गाडी फाटकासमोर लावू नकोस, तिथे शववाहिकेला जागा लागते.

पहिल्या दिवशी ब्रॅमफील्ड, वेनहॅस्टन आणि ब्लाइथबर. ब्रॅमफील्डला गोल मनोरा चर्चपासून सुटा, आवारात एकटा उभा आहे. असा सुटा गोल मनोरा सफोकमध्ये दुसरा नाही. चर्चचं छप्पर शाकारलेलं आहे आणि आत रंगीत पडदा टिकून आहे. वेदीजवळ शिल्पकार निकोलस स्टोनने घडवलेलं आर्थर कोक आणि त्याची बायको एलिझाबेथ यांचं स्मारक आहे. तो गुडघे टेकून, ती खाली बिछान्यावर, कुशीत तान्हं मूल. उशीला पडलेली घडीसुद्धा दगडात उतरली आहे.

वेनहॅस्टनला तासभर राखून ठेव. चर्च साधंच, पण आत लाकडी फळ्यांवरचं अखेरच्या न्यायाचं चित्र आहे, सुमारे १७ फूट रुंद, १४८० ते १५२० च्या दरम्यानचं. धर्मसुधारणेत त्यावर चुना फासला आणि पुढची साडेतीनशे वर्षं ते कुणाला ठाऊकच नव्हतं. १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी फळ्या निरुपयोगी म्हणून काढून आवारात टाकल्या. रात्री पाऊस झाला, चुना धुपला आणि सकाळी चेहरे दिसू लागले. डावीकडे सेंट पीटर राजा, बिशप, कार्डिनल यांचं स्वागत करतो आहे. सगळे उघडे, डोक्यावर फक्त ज्याचं त्याचं शिरोभूषण. सेंट मायकेल तराजूत आत्मे तोलतो आहे. उजवीकडे माशाच्या जबड्यासारखं नरकाचं तोंड आणि त्यात साखळीने ओढली जाणारी माणसं. आता मधल्या रिकाम्या जागा नीट पाहा. एक क्रूसाच्या आकाराची, दोन्ही बाजूंना उभ्या माणसाच्या आकाराच्या. चित्र तिथे पुसलेलं नाही, रंगच लावलेला नाही. तिथे क्रूसावरचा येशू, मरिया आणि योहान यांचे लाकडी पुतळे ठोकलेले होते आणि चित्रकाराने त्यांच्या कडेकडेने रंगवलं. पुतळे काढून टाकले गेले, पण त्यांची बाह्यरेषा राहिली. इंग्लंडच्या खेड्यांतल्या चर्चवर सोळाव्या शतकात काय कोसळलं, हे इतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

ब्लाइथबर दुपारी कर. दोन्ही बाजूंना वर अठरा-अठरा खिडक्या आहेत आणि काच बहुतेक साधी, त्यामुळे आत स्वच्छ उजेड. छताच्या मधल्या रेषेवर पंख पसरलेले लाकडी देवदूत जोडीने, पाठीला पाठ लावून बसवले आहेत, मूळचा रंग अजून टिकून आहे. बाकावर मान मागे टेकून दुर्बिणीने पाहा. त्यांच्या अंगात बंदुकीचे छर्रे निघाले. १६४४ मध्ये मूर्ती फोडत फिरलेल्या विल्यम डाउसिंगच्या माणसांनी ते मारले, असं वर्षानुवर्षं सांगत. पण १९७० च्या दशकातल्या दुरुस्तीत सापडलेले छर्रे अठराव्या शतकातले निघाले, आणि चर्चच्या जुन्या हिशेबात आत शिरलेले जॅकडॉ, म्हणजे छोटे कावळे, मारण्यासाठी खर्च पडल्याची नोंद आहे. कुणी डाउसिंगची गोष्ट सांगितली तर वाद घालू नकोस, तो इथे आला होता हे खरंच आहे. उत्तरेच्या दारावर जळक्या खुणा आहेत. ४ ऑगस्ट १५७७ ला वादळात कळस छप्पर फोडून आत कोसळला, एक पुरुष आणि एक मुलगा गेला. गावकऱ्यांच्या मते त्या खुणा सैतानी काळ्या कुत्र्याच्या नखांच्या. बाकांच्या टोकांवर ख्रिस्ती धर्मातली सात मोठी पापं कोरली आहेत, त्यातला आळशी माणूस बिछान्यातून उठायला तयार नाही. १६८२ चा घंटा वाजवणारा लाकडी सैनिकही सोडू नकोस.

दुसऱ्या दिवशी वॉल्बर्सविक, कव्हहाइद, वेस्टहॉल. पहिल्या दोन्ही ठिकाणी प्रचंड भग्न चर्चच्या पोटात छोटं चर्च आहे. गावं खंगली, एवढ्या इमारतीची डागडुजी झेपेना. कव्हहाइदने १६७२ मध्ये भग्न भिंतींच्या आत छोटं शाकारलेलं चर्च बांधलं. वॉल्बर्सविकने १६९० च्या दशकात परवानगी काढून मोठा भाग पाडला आणि एक बाजू ठेवली. कव्हहाइदला चर्चपुढचा रस्ता कड्यावर संपतो, समुद्र तो दरवर्षी खातो आहे. कडा ढासळता आहे, टोकाशी जाऊ नका. एक सूचना: वॉल्बर्सविक आणि साउथवोल्ड नकाशावर लागून दिसतात, पण मधे नदी आहे. पायी पूल आहे, उन्हाळ्यात वल्ह्याची होडीही असते. मोटारीला मात्र ब्लाइथबरवरून वळसा घालावा लागतो. वेस्टहॉलचं अष्टकोनी कुंड शेवटी ठेव. सात बाजूंवर ख्रिस्ती धर्माचे सात संस्कार, आठवीवर येशूचा बाप्तिस्मा, आणि मूळ रंगाचे अंश अजून आहेत.

पैशांचं एक. प्रवेश मोफत असतो, पण छपराचं शिसं चोरीला गेलं की खर्च लाखांत जातो, आणि तो भार बहुधा दहा-पंधरा म्हाताऱ्या गावकऱ्यांवर पडतो. तरीही ते दार उघडं ठेवतात. विमावालेही दिवसा उघडंच ठेवायला सांगतात, कारण माणसांची वर्दळ असेल तर चोर बिचकतो. प्रत्येक ठिकाणी पाच पौंड टाक. पेटी भिंतीत असते, काही ठिकाणी कार्डाचं यंत्रही आलं आहे, तरी सुट्टी नाणी जवळ असू दे. आणि अभिप्रायाच्या वहीत नाव-गाव जरूर लिही. दुरुस्तीसाठी अर्ज करताना किती लोक येतात हे दाखवायला त्यांना ती वही उपयोगी पडते.

निघायची तारीख ठरली की कळव. ब्लाइथबरला मैफिली होतात, त्या दिवशी आत फिरता येत नाही, तेव्हा तेवढं लेकीला आधी पाहून ठेवायला सांग.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
विनायक