पुढच्या शब्दाची अपेक्षा आणि मराठी वाक्यरचना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शब्द जितका अनपेक्षित, तितका तो वाचायला वेळ अधिक, हे भाषाशास्त्रज्ञ जॉन हेल यांनी २००१ मध्ये आणि रॉजर लेव्ही यांनी २००८ मध्ये मांडलेल्या संगणकीय प्रतिमानांचे (वाक्य समजण्याच्या प्रक्रियेच्या गणिती नमुन्यांचे) सूत्र आहे; मात्र ही अपेक्षा घडवते वाक्यरचना. ‘मुलीने पोळी’ एवढे ऐकताच पुढे ‘खाल्ली’ किंवा ‘खावी’ येईल, ‘खाते’ नव्हे, हे मराठी माणसाला उमगते. हिंदीतला ‘ने’ मात्र ‘खावी’सारख्या इच्छार्थी रूपाबरोबर येत नाही. इंदूरमधील आम्हा मराठी भाषकांच्या कानी दोन्ही ‘ने’ दिवसभर पडत असल्याने आमची अपेक्षा मराठीच्या वळणाने जाते की हिंदीच्या, हे वाचनवेळ मोजून तपासता येईल. येथील विद्यापीठाच्या भाषा आणि संगणक विभागांनी हे काम एकत्रितपणे हाती घ्यावे, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, इंदूर